हाड जिवंत असते: मनगट मोडल्यानंतर आईने बसून राहावे का?

पत्र: ‘माझ्या आईचे वय 63 आहे. अडीच महिन्यांपूर्वी मोरीपाशी ओल्या फरशीवरून तिचा पाय घसरला, तोल सावरायला तिने उजवा हात टेकला आणि मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. त्यानंतर डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घेतली. टी-स्कोअर कण्याचा उणे 3.1 आणि खुब्याचा उणे 2.7 आला. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी दिली आहे, पण आई ती घ्यायला तयार नाही. ती म्हणते, हाड म्हणजे घराचा वासा, त्याला एकदा वाळवी लागली की गोळ्यांनी काय होणार? भाऊ म्हणतो, आता हिला जागेवरून हलू द्यायचे नाही. मावशीच्या मते कॅल्शियमच्या गोळ्या पुरेशा आहेत. मी 39 वर्षांची आहे आणि माझी मुलगी 12 वर्षांची. आम्ही नेमके काय करावे?’
– एक लेक, सांगली जिल्हा

उत्तर:

सप्रेम नमस्कार. तुमच्या घरात तीन मते आहेत आणि तिन्ही काळजीपोटीच निघालेली आहेत. तरीही त्यांतले सर्वांत धोक्याचे मत तुमच्या भावाचे आहे, म्हणून तेवढे आधी स्पष्ट सांगतो. आईंना बसवून ठेवू नका. त्यांची हाडे विरळ झालेली आहेत हे खरेच आहे, पण हालचाल थांबली तर ती आणखी वेगाने विरळ होतील, मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू बारीक होतील, तोल बिघडेल आणि पुढच्या वेळी पाय घसरला तर मनगटाऐवजी खुबा मोडण्याची शक्यता वाढेल. हे असे का होते, ते समजण्यासाठी हाड म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागेल, कारण आईंची गोळीबद्दलची शंका आणि मावशींचा कॅल्शियमवरचा भरवसा, या दोन्हींचे उत्तरही तिथेच आहे.

आईंनी दिलेली वाशाची उपमा एका बाबतीत बरोबर आहे: सांगाडा शरीराचा भार पेलतो. मात्र वासा हे मेलेले लाकूड असते आणि हाड जिवंत असते. त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या क्षारांचा असतो, त्यामुळे ते कडक होते. उरलेल्या भागात मुख्यतः कोलाजेन या प्रथिनाचे धागे आणि पाणी असते, त्यामुळे त्याला किंचित लवचिकपणा येतो आणि धक्का बसला तरी ते काचेसारखे तडकत नाही. या दोन्हींच्या आत रक्तवाहिन्या आहेत, हाडावरच्या पातळ आवरणात भरपूर मज्जातंतू आहेत (मनगट मोडल्यावर आईंना झालेली वेदना मुख्यतः तिथूनच आली), आणि सबंध हाडभर लक्षावधी पेशी पसरलेल्या आहेत. मोडलेला वासा कधी आपोआप सांधला गेल्याचे कोणी पाहिले आहे काय? आईंचे मनगट मात्र सांधले. मोडल्या जागी प्रथम रक्ताची गाठ जमली, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ सांधणी तयार झाली, मग त्या सांधणीत क्षार भरत गेले आणि सहा आठवड्यांत ती प्लास्टर काढण्याइतकी पक्की झाली. प्लास्टरने हाड फक्त जागेवर धरून ठेवले. जोडण्याचे काम त्यांच्याच शरीराने केले, आणि त्या जागेची डागडुजी पुढे कित्येक महिने चालूच राहणार आहे. आईंना हे जरूर सांगा. ज्या शरीराने 63 व्या वर्षी मनगट जोडून दाखवले, त्याची हाडे औषधाला दाद देणारच नाहीत असे मानण्याचे कारण नाही.

आता नेमके मनगटच का मोडले? प्रौढ माणसाच्या सांगाड्यात साधारण 206 हाडे असतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक, म्हणजे 106, हातापायांच्या पंजांत असतात. प्रत्येक हातात मनगटासह 27 आणि प्रत्येक पावलात 26. (चरकसंहितेत हाडांची संख्या 360 आणि सुश्रुतसंहितेत 300 दिलेली आहे, कारण त्या गणनेत दात आणि कूर्चाही धरल्या होत्या.) आईंच्या बाबतीत मोडले ते बहुधा मनगटातले छोटे हाड नसून कोपर ते मनगट या भागातल्या अंगठ्याकडील लांब हाडाचे मनगटाजवळचे टोक असावे. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलेस यांनी या प्रकारच्या मोडीचे वर्णन 1814 साली केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षे आधी, केवळ हाताच्या आकारावरून आणि स्पर्शावरून. ते वर्णन आजही तंतोतंत लागू पडते, कारण पडताना हात टेकण्याची आपली प्रतिक्रिया बदललेली नाही.

ते टोकच कच्चे ठरते याचे कारण हाडाच्या रचनेत आहे. कोणतेही लांब हाड मध्ये कापून पाहिले तर बाहेर घट्ट, भरीव कवच दिसते आणि आत, विशेषतः दोन्ही टोकांना, बारीक पट्ट्यांची आणि काड्यांची जाळी दिसते. सांगाड्याच्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे 80 टक्के घट्ट हाडाचे आणि 20 टक्के जाळीदार हाडाचे असते. पण जाळीचा पृष्ठभाग कितीतरी मोठा असल्यामुळे झीज आधी तिथेच होते. मनगटाजवळचे टोक, पाठीचे मणके आणि मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग या तिन्ही ठिकाणी जाळीदार हाडाचा वाटा मोठा आहे, आणि ठिसूळ हाडे मोडतात तीही प्रामुख्याने याच तीन जागी. म्हणून उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता-चालता पडून मनगट मोडणे हा साधा अपघात समजू नये. असे एक हाड मोडलेल्या व्यक्तीचे दुसरे हाड मोडण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो आणि पहिली एक-दोन वर्षे तो सर्वाधिक असतो. तुमच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढून तुम्हाला घरी न पाठवता डेक्सा करायला लावली, हे त्यांनी फार योग्य केले. पुष्कळ ठिकाणी हे राहून जाते.

टी-स्कोअरबद्दलही थोडे सांगतो. हा आकडा आईंच्या हाडांतील क्षारांची घनता निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरीपासून किती खाली आहे ते दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ठरवलेल्या निकषानुसार उणे 2.5 किंवा त्याखालचा आकडा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ज्याला आपण हाडे ठिसूळ होणे म्हणतो. आईंचे दोन्ही आकडे त्या रेषेखाली आहेत आणि त्यात हाडही मोडलेले आहे. तेव्हा औषध हवे की नको, या प्रश्नाला आता वाव राहत नाही.

भावाच्या मताकडे पुन्हा वळतो, कारण इथे शास्त्राचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. 1866 च्या सुमारास झुरिचमध्ये हर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उभा छेद मांडला होता. कार्ल कुलमान या अभियंत्याने तो पाहिला, आणि त्यातल्या जाळीच्या काड्या ज्या दिशांनी वळल्या होत्या त्या दिशा त्याला ओळखीच्या वाटल्या, कारण भार उचलणाऱ्या क्रेनच्या वाकड्या दांड्यात ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतो, त्या तो स्वतः काढत असे. पुढे बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये नियम मांडला: हाडावर जसा भार येतो, तशी त्याची आतली आणि बाहेरची घडण बदलते. भार वाढला तर हाड त्या दिशेने दाट होते आणि भार गेला तर तिथून हाड काढून घेतले जाते. हा भार जाणण्याचे काम हाडातच अडकून राहिलेल्या पेशी करतात. हाडातल्या पेशींत त्यांचीच संख्या सर्वांत जास्त असते, अतिसूक्ष्म नळ्यांतून त्यांचे धागे एकमेकींना जोडलेले असतात, आणि पाऊल टाकल्यावर हाड केसभर दबले तरी त्या नळ्यांतला द्रव हलतो, त्यावरून त्यांना संदेश मिळतो. अंतराळात, जिथे पावलांवर भारच येत नाही, तिथे अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्क्याने घटते, तीही रोज व्यायाम करणाऱ्या धडधाकट माणसांची. महिनोन्‌महिने पलंगावर पडून राहणाऱ्या रुग्णांत हेच घडते. भावाचे प्रेम मी जाणतो. आईंना घराच्या अंगणात आणि रस्त्यावर हात धरून चालवणे, हे त्या प्रेमाचे आज सर्वांत उपयोगी रूप ठरेल.

मग गोळी काय करते? हाडात दोन विरुद्ध कामे अखंड चालू असतात. एका प्रकारच्या पेशी जुने, बारीक चिरा पडलेले हाड विरघळवून खड्डा करतात. त्याला साधारण तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या खड्ड्यात नवे हाड भरतात. त्याला तीन-चार महिने लागतात. या पद्धतीने प्रौढ माणसाचा सांगाडा वर्षाला सुमारे दहा टक्के नवा होतो. तरुणपणी खड्डा आणि भरणा सारखे असतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, आणि विरघळवणाऱ्या पेशींवर या संप्रेरकाचा जो वचक असतो तो सुटतो. खड्डे अधिक आणि खोल होऊ लागतात, भरणा मागे पडतो आणि पुढची पाच ते दहा वर्षे हाडांचे वस्तुमान वेगाने घटते. आईंच्या बाबतीत नेमके हेच झालेले असण्याची शक्यता मोठी आहे.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बहुधा बिसफॉस्फोनेट या गटातली असावी. हे औषध हाडाच्या क्षारांना चिकटून बसते, आणि विरघळवणारी पेशी ते हाड पोखरू लागली की तिला निकामी करते. त्यामुळे भरणाऱ्या पेशींना वेळ मिळतो. वाळवीचेच बोलायचे तर गोळी तिला आवरते, आणि वासा स्वतःला दुरुस्त करणारा आहे. मात्र ती घेण्याची रीत काटेकोर आहे. सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी, उपाशीपोटी, एक पेला साध्या पाण्याबरोबर गोळी गिळावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये व काही खाऊ-पिऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊ शकते, म्हणून हे बंधन. गिळायला त्रास, जुना अन्ननलिकेचा आजार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी गिळणे जमत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे औषध आहे (मूत्रपिंडाचा विकार असल्यास तेही चालेलच असे नाही) आणि इतरही पर्याय आहेत, आणि कोणता निवडायचा ते डॉक्टरांनी ठरवावे. दात काढायचा असेल तर ते काम शक्यतो आधी उरकावे आणि दंतवैद्यांना या औषधाची कल्पना द्यावी, कारण क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरून यायला अडचण येते. दीर्घकाळ औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवे दुखणे सुरू झाले तर तेही सांगावे. हे दुष्परिणाम विरळ आहेत, आणि खुबा मोडण्याच्या धोक्यापुढे ते फार लहान आहेत.

मावशींच्या मतात अर्धे तथ्य आहे. शरीरातल्या कॅल्शियमपैकी 99 टक्के, म्हणजे सुमारे एक किलो, हाडांत आणि दातांत असते, आणि उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि रक्त गोठणे अवलंबून असते. रक्तातले प्रमाण किंचित घसरले तरी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीमागच्या चार छोट्या ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणले जाते. आहारात कॅल्शियम कमी असले की सांगाड्याला ते रोज द्यावे लागते. म्हणून पुरेसे कॅल्शियम हवेच. पण विरघळवणाऱ्या पेशी मोकाट असताना नुसते कॅल्शियम दिल्याने त्या थांबत नाहीत, आणि इथे मावशींचा सल्ला अपुरा पडतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोन पेले दूध मिळून साधारण 450 ते 500, एक वाटी दही सुमारे 180, पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी सुमारे 180 आणि चमचाभर न सोललेले तीळ शंभराच्या वर, इतके तर ताटातूनच मिळते. मेथी आणि शेवग्याचा पाला चांगला. पालकातले कॅल्शियम मात्र त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे फारसे अंगी लागत नाही. तुमच्याकडे मासे चालत असतील तर काट्यांसकट खाल्ली जाणारी मांदेलीसारखी लहान मासळी उत्तम. जेवढे कमी पडेल तेवढेच गोळीने भरून काढावे, एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या आत, आणि ती गोळी आठवड्याच्या औषधाबरोबर कधीही घेऊ नये, कारण मग ते औषध शोषलेच जात नाही. आई थायरॉइडची गोळी घेत असतील तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. डाळी, उसळी, दूध आणि चालत असल्यास अंडी हवीतच, कारण हाडाचा कोलाजेनचा भाग प्रथिनाचा आहे आणि आपल्याकडे वय वाढले की बायकांच्या ताटातली डाळ आधी कमी होते.

आतड्यातून कॅल्शियम शोषण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. कोवळ्या उन्हात बसण्याची आपल्याकडची रीत प्रसन्न आहे, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळी लवकर फार थोडे असतात. ते अकरा ते दोनच्या उन्हात भरपूर असतात आणि खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे. वयानुसार त्वचेची ही क्षमता कमी होते, म्हणून रक्तातील पातळी तपासून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा घ्यावी. आठवड्याला 60,000 युनिटची पुडी स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेणारे लोक मी पाहतो. तसे करू नये, कारण अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढू शकते. त्याच वेळी थायरॉइड, मूत्रपिंडाचे कार्य, कॅल्शियम आणि फॉस्फरसही पाहून घ्यावे. आईंनी दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी कधी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले असल्यास तेही सांगावे.

आता हालचालीचे. रोज अर्धा तास चालणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि कोणीतरी जवळ असताना एका पायावर काही क्षण उभे राहणे, हे पहिल्या महिन्यासाठी पुरेसे आहे. पुढे भौतिकोपचारतज्ज्ञांकडून हलक्या वजनांचा व्यायाम शिकून घ्यावा. मनगट अजून ताठर असेल तर बोटे, मनगट, कोपर आणि खांदा दिवसातून अनेकदा हलवावेत. टाळायचे ते एवढेच: कमरेतून पुढे वाकून जमिनीवरचे जड उचलणे, झटक्याने पिळणे, पश्चिमोत्तानासन आणि हलासन यांसारखी पुढे वाकण्याची आसने, आणि केरसुणीने वाकून झाडणे. पुढे वाकल्यावर मणक्यांच्या पुढच्या बाजूवर मोठा दाब येतो, आणि आईंच्या कण्याचा आकडा खुब्याहूनही खाली आहे. लांब दांड्याचा झाडू घ्या. पाण्याचा हंडा आणि पिठाचा डबा इतरांनी उचलावा. भावाला जी सावधगिरी घ्यायची आहे, ती घरावर घेऊ द्या: मोरीत आणि संडासात भिंतीला पक्क्या आधारदांड्या, खाली रबरी चटई, दुमडणारी पायपुसणी बाहेर, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा दिवा, घरातही मागे पट्टा असलेली चप्पल आणि जमिनीला न लोळणाऱ्या निऱ्या. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का ते तपासा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने उठल्यावर चक्कर येते का तेही विचारा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही: आईंची उंची. मणके दबून मोडतात तेव्हा त्यांतले सुमारे दोन तृतीयांश लक्षातच येत नाहीत. ‘पाठ धरली’ म्हणून मलम चोळले जाते. भिंतीला पाठ लावून उंची मोजा आणि जुन्या कागदपत्रांतल्या किंवा त्यांच्या आठवणीतल्या उंचीशी ताडून पाहा. चार सेंटीमीटरहून अधिक फरक असेल किंवा पाठीला बाक आला असेल, तर पुढच्या भेटीत कण्याचा क्ष-किरण काढण्याविषयी विचारा. अचानक तीव्र पाठदुखी झाली तर थांबू नका.

तुमच्याविषयी आणि मुलीविषयी. हाडांचे वस्तुमान साधारण तिशीपर्यंत वाढते आणि प्रौढ वयातल्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे पाव हिस्सा वयात येतानाच्या दोन-एक वर्षांत जमा होतो. तुमची मुलगी आत्ता त्याच उंबरठ्यावर आहे. तिला दूध, नाचणी आणि डाळ मिळू द्या, आणि अभ्यासाच्या नावाखाली तिचे खेळणे बंद करू नका. दोरीवरच्या उड्या, खो-खो, कबड्डी यांत हाडांवर येणारे धक्के तिच्या सांगाड्याला हवे आहेत. याच हाडांच्या आतल्या लाल मज्जेत सेकंदाला 20 लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात. त्यासाठी लोह लागते, आणि या वयात मुलींना रक्तक्षय फार असतो, म्हणून तिचे हिमोग्लोबिनही एकदा तपासा. तुम्हाला स्वतःला आत्ता डेक्साची गरज नाही. आईला ऑस्टिओपोरोसिस आहे हे मात्र तुमच्या डॉक्टरांकडे नोंदवून ठेवा, आणि पाळी 45 व्या वर्षाच्या आत थांबली तर लगेच दाखवा.

आईंनी गोळी नियमित घेतली तरी त्यांना काही ‘जाणवणार’ नाही, आणि म्हणूनच पुष्कळ लोक ती वर्षभरात सोडून देतात. गोळीचा एक वार ठरवा, दिनदर्शिकेवर खूण करा आणि एक-दोन वर्षांनी डॉक्टर सांगतील तेव्हा डेक्सा पुन्हा करा, पण त्याच ठिकाणी आणि त्याच यंत्रावर. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. आकडा स्थिर राहिला तरी औषध काम करत आहे असे समजावे. साधारण पाच वर्षांनी ते पुढे चालू ठेवायचे की काही काळ थांबवायचे, याचा आढावा डॉक्टरांबरोबर घ्यावा. तोवर आपल्या मनाने बंद करू नये.